‘उलटी खुर्ची’ आणि शेवटचं पान

१२ जानेवारी, रविवार

हरले! तिघंही हरले. पोरगा हरला, सून हरली, आणि नातू तर असा हरला की माठ भरता भरता माझ्याकडे बघतही नव्हता.

सवाल काही अवघड नव्हता. काल संध्याकाळी आठची ‘उलटी खुर्ची’ संपली. तिघांचं पोट धरून हसून झालं. मग मी विचारलं — आपल्या वॉर्डाचा नगरसेवक कोण?

मनोज म्हणे, "विपुलभाऊ."

नीलम म्हणे, "नाई नाई. आता त्याची बायको हाय."

अश्विन मोबाईल चाचपायला लागला. "मोबाईल खाली ठेव," म्हटलं, "पोटात असंन तर सांग."

कोणीच नाही! तीन वर्षं झाली मुदत संपून. निवडणूकच झाली नाही. पालिकेत प्रशासक बसला आहे, एकटा. ठराव त्याचा, सही त्याची, शिक्का त्याचा. आणि हे तिघं रोज अर्धा तास राजकारण पाहतात!

"आजी, तुले कोणं सांगतलं?" अश्विन.

"पेपरनं."

"तुले तर वाचता येत नाई."

"म्हणून तर ध्यान देऊन ऐकतो बाबू."

नियम ठरलेला आहे. ज्याला उत्तर येत नाही त्यानं माठ भरायचा. तिघंही चुकले तर सगळ्यात तरण्यानं. पावसाळ्यापासून मी माठाला हात लावलेला नाही.

१३ जानेवारी, सोमवार

लीलाबाई विचारते, ही वही कोणासाठी? कोणासाठी नाही. वहीसाठीच.

लीलाबाई शेजारची. तीस वर्षं अंगणवाडीत पोरांना गाणी शिकवली, आता घरी आहे. दुपारी अडीचला येते. आधी पेपर वाचून दाखवते, मग मी सांगते ते लिहिते. माझं बोलणं ती थोडं शाळेत घालून आणते. आणू दे. दुसऱ्यांचं मात्र जसंच्या तसं लिही, असं बजावलं आहे. लोक जसे बोलतात तसेच दिसले पाहिजेत. (हेही लिहिलं वाटतं तिनं. लिही, लिही.)

पेपर आम्ही मागून सुरू करतो. ही सवय आमच्या घरच्यांची. देवमन, म्हणजे माझे मालक, तहसीलमध्ये शिपाई होते. मैद्याची खळ शिजवायची, डबा सायकलला टांगायचा आणि गावोगाव नोटिसा चिकटवत फिरायचं. चिकटवायच्या आधी प्रत्येक नोटीस स्वतः वाचायचे. चौथी शिकले होते, बोट लावून वाचायचे. संध्याकाळी मला सगळ्या सांगायचे. आणि मग पलीकडं विहाराजवळच्या वाचनालयात बसून गल्लीला पेपर वाचून दाखवायचे. म्हणायचे, "इंदे, पहिल्या पानावर मोठ्या लोकायचं असते. आपलं काई असंन तर ते शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात."

म्हणून शेवटचं पान मी फेकू देत नाही. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवते. वर्षभराचं साठलं की मगच रद्दी.

१६ जानेवारी, गुरुवार

पेपरच्या पहिल्या पानावर एका पुढाऱ्याचा वाढदिवस. दुसऱ्या पानावर त्याचाच. बातम्या तिसऱ्या पानावर सुरू झाल्या. लीलाबाई म्हणे, "दार उघडाले तीन पानं लागले."

१८ जानेवारी, शनिवार

‘उलटी खुर्ची’त एक चष्मेवाला पोरगा खुर्ची उलटी करून बसतो. पाठीच्या जागी पोट. तिथून तो पुढाऱ्यांच्या नकला करतो. मागून हसण्याचे आवाज सोडतात, म्हणजे घरच्यांना कळावं कुठं हसायचं.

त्या पोराचा दोष नाही. त्याला हसवायचा पगार मिळतो. हे तिघं कशाचा घेतात?

नीलमला माहीत आहे, कोणत्या मंत्र्याची चप्पल सभेत हरवली. तिला विचारलं, आपल्या रेशनच्या दुकानाचा वार बदलला, कोणता झाला? माहीत नाही! दुकान गल्लीच्या तोंडाशी आहे. अश्विनला माहीत आहे कोणत्या आमदाराची बायको त्याला काय नावानं हाक मारते. हा पोरगा दोन वर्षांपासून एमपीएससीचा अभ्यास करून राहिला आहे. चालू घडामोडींचं जाड पुस्तक उशाला घेऊन झोपतो. घडामोडी डोक्याखालून चालत असतील.

नीलम काल चिडली. म्हणे, "आई, बातम्या पाह्याले बसलं तर नुसते भांडतात, डोकं दुखते. हा पोरगा हसवत हसवत समजावून तरी सांगते. तुमी त्याले उगीच नावं ठेवता."

मी म्हटलं, "मंग काय समजलं ते सांग."

"समजलं म्हणजे... सगळे एकसारखेच हायत."

घ्या! हे समजायला टीव्ही लागतो?

एक गोष्ट मात्र वहीला सांगते, त्यांना सांगितली नाही. दिवाळीनंतर त्या पोरानं कापसाच्या ओलाव्याचं सांगितलं होतं, व्यापारी कसं यंत्र दाबून भाव पाडतात ते. बरोबर सांगितलं होतं. मी तोंड फिरवून बसले होते, पण कान तिकडेच होता.

२१ जानेवारी, मंगळवार

काल तर कहर झाला. चष्मेवाल्यानं डोळ्यांना पट्टी बांधली, हातात फूटपट्टी घेतली, आणि एका गावाच्या नकाशावर रस्ते मारत सुटला. एक रस्ता गेला देवळातून. एक शाळेतून. एक एका बाईच्या चुलीवरून. बाई भाकर थापते आहे आणि तिच्या परातीतून ट्रक जातो आहे! मागून भोंगा.

अश्विन हसून हसून बाजेवरून खाली आला. मनोजच्या डोळ्यांत पाणी. नीलम म्हणे, "बिचारी!" आणि पुन्हा हसली.

मलाही ओठ दाबावे लागले. परात चांगली होती.

२३ जानेवारी, गुरुवार

काल लीलाबाईनं शेवटचं पान उघडलं. एक वारसाची नोटीस, एक हरवलेली मार्कशीट, एक नाव बदललं ते. मग ती थांबली. म्हणे, "इंदूबाई, हे आपल्या पालिकेचं हाय."

वाच म्हटलं. वाचलं. शहराची प्रारूप विकास योजना तयार झाली आहे. नकाशे कार्यालयात पाहायला ठेवले आहेत. कोणाची हरकत असेल तर लेखी द्यावी, तीस दिवसांच्या आत. म्हणजे वीस फेब्रुवारी. पुन्हा वाच म्हटलं. पुन्हा वाचलं. खाली रस्त्यांची यादी होती. त्यात ‘विहार गल्ली — प्रस्तावित रुंदी अठरा मीटर’.

अठरा मीटर म्हणजे किती? साठ फूट, लीलाबाई म्हणे. आमची गल्ली बारा फुटांची. पिंटूचा ऑटो आला तर सायकलवाल्यानं कोणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं.

आठ वाजेपर्यंत मी गप्प राहिले. ‘उलटी खुर्ची’ संपली आणि विचारलं — पालिकेनं विकास योजना काढली, ठाऊक आहे?

अश्विननं मांडीवर थाप मारली. "ठाऊक म्हणजे! आजी, परवा तेच तर दाखोलं! फूटपट्टी! परातीतून ट्रक! आज तू हरली."

"बरं. मंग हरकत कोणत्या तारखेपर्यंत द्याची? रस्ता कोणत्या गल्लीतून जाते?"

तो माठ भरायला गेला. भरून आला तेव्हा मी त्याला नोटीस वाचायला दिली. उभ्यानं वाचली. मग खाली बसून वाचली.

तिघांनाही सांगणारानं सांगितलं होतं. हसून झालं आणि विसरले. बाईच्या परातीतून ट्रक गेला तेव्हा कोणाच्या मनात आलं नाही की परात आपली असेल.

२४ जानेवारी, शुक्रवार

सकाळी मी आणि लीलाबाई पालिकेत गेलो. लीलाबाई म्हणे, ‘विकास योजना कक्ष’ लिहिलं आहे. कक्ष कसला, जिन्याखालची खोली. भिंतीवर नकाशा, चादरीएवढा. एक तरणा बाबू कान खाजवत बसलेला.

लीलाबाई नकाशापुढं उभी राहिली आणि गोंधळली. नावं वाचता येतात तिला, पण नावं कमी आणि रेषा जास्त. मी पुढं झाले. आमच्या घरच्यांनी तहसीलचे नकाशे काखेत घालून आणले आहेत घरी, उन्हात वाळवायला. रेषा वाचायला अक्षर लागत नाही. नाला शोधला. नाल्यावरून विहीर. विहिरीपाशी आमची गल्ली विळ्यासारखी वळते. वळणावर विहार, त्याला लागून वाचनालय, आणि तिथून तिसरं घर. बोट ठेवलं.

"हे माह्यं."

बाबूनं यादी काढून नंबर जुळवला. "बरोबर हाय आजी." कान खाजवायचा थांबला.

माझ्या बोटाखालून लाल पट्टा गेला होता. अकरा घरं पट्ट्यात. वाचनालय अख्खं. आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या, म्हणजे ज्या खोलीत बसून मी हे सांगते आहे ती.

पण मी तिथंच थांबले नाही. पट्टा उलटा धरून मागं गेले. रस्ता स्टेशनकडून सरळ येतो, अगदी सुतासारखा. जुन्या जिनिंगच्या, म्हणजे कापसाच्या बंद कारखान्याच्या भिंतीपाशी आला की वाकतो. आमच्या गल्लीत घुसतो. गल्ली संपली की पुन्हा सरळ! मधली जिनिंगची जागा वीस वर्षं पडीक आहे. बोरं तोडायला पोरं जातात तिथं. रस्ता सरळ गेला असता तर बोरीच्या झाडांखेरीज कोणाचं काही गेलं नसतं.

"हा इथं काहून वाकला?" मी विचारलं.

बाबू म्हणे, "ते मले माईत नाई आजी. आमी फक्त नकाशा दाखोतो."

"जिनिंग आता कोणाची हाय?"

"तेही माईत नाई."

पण तो दाराकडं पाहून हळू बोलला. म्हणजे माहीत होतं.

२८ जानेवारी, मंगळवार

गल्लीत फिरले. पट्ट्यातली अकरा घरं. लीलाबाई सोबत, कोरे कागद घेऊन. हरकत ज्यानं त्यानं आपली द्यावी लागते, मोर्चाला चालतं तसं सगळ्यांचं मिळून एक चालत नाही.

पिंटू ऑटो पुसत होता. म्हणे, "आजी, असे रस्ते कागदावरच रायतात. टीवीवर पाह्यलं नाई का? यायले एक नाली तर बांधता येत नाई, रस्ता काय बांधतात!"

सत्यभामाबाई म्हणे, "सगळे चोर हायत वो. चोराकडं कागद देऊन काय होते?"

तिचा जावई घरी होता. तो तर त्या चष्मेवाल्याचा आवाज काढून दाखवायला लागला. फूटपट्टी, भोंगा, सगळं. चांगला काढतो. कागद घेतला नाही.

मला राग कशाचा आला सांगू? यांना काहीच ठाऊक नाही असं नाही. यांना ठाऊक आहे की काहीतरी चाललं आहे, आणि तेवढ्यावरच पोट भरतं. सगळे चोर म्हटलं की घरी बसायला मोकळे. पूर्वी याच गल्लीत चाळीस माणसं कंदिलाभोवती बसून पेपर ऐकायची, आणि आमचे घरचे चुकून एक ओळ सोडली तर म्हणायची, "देवमनभाऊ, ते राह्यलं." आता चाळीस मोबाईल आहेत.

आज दोन घरांनी हो म्हटलं. बघू.

२९ जानेवारी, बुधवार

दोनातलं एक घर नाही म्हणालं. पोराची पालिकेत ठेक्यावर नोकरी आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

मनोज रात्रीपासून तोंड लपवतो आहे. आयटीआयमध्ये मास्तर आहे तो. म्हणे, "आई, मी सरकारी माणूस. माह्यं नाव नको गोवू."

"घर कोणाच्या नावावर हाय?"

"तुह्या."

"मंग तुले कोण इचारून राह्यलं?"

हसला. लहानपणीसारखा. पण मला वाटलं होतं तो म्हणेल, नाव घाल.

९ फेब्रुवारी, रविवार

अश्विन हरकत लिहायला बसला. मी म्हटलं वाचून दाखव. ‘प्रस्तुत अर्जदार सदर प्रस्तावित रस्त्याच्या अनुषंगाने’ — थांब म्हटलं. अर्जदार म्हणजे मीच ना? मग मला समजलं पाहिजे.

सात वेळा फाडला. आठव्यांदा असा झाला: रस्ता सरळ येतो. जिनिंगपाशी वाकतो. अकरा घरं आणि वाचनालय जातं. जिनिंगची जागा रिकामी आहे. रस्ता सरळ न्यावा. वाकला कशासाठी ते सांगावं.

अश्विननं पुन्हा एकदा वाचला. "आजी, हे तर त्या कार्यक्रमापेक्षा भारी हाय."

"कार्यक्रम संपल्यावर टाळ्या होतात. याच्यावर उत्तर द्या लागते."

हे बोलताना मला फार बरं वाटलं. लिहून ठेव लीलाबाई.

पोरगा मात्र बदलला आहे. सोमवारपासून रोज सकाळी तो शेवटचं पान आधी उघडतो. बोलून दाखवत नाही. मी पाहिलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दिल्या! अकरातल्या चारच घरांच्या, पण दिल्या. सत्यभामाबाईनं ऐन वेळी अंगावरची ओढणी सावरत ऑटोत उडी मारली. पिंटू भाडं घेणार नव्हता, पण हरकतही देणार नव्हता! असा माणूस पाहिला नाही.

आवक-जावकच्या टेबलावर एक मोठा बाबू होता, केसाला मेंदी लावलेला. मी शाईच्या पॅडवर अंगठा ठेवला तर सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला, "काय आजी, अजून अंगठाच? आता तर सारं गाव साक्षर झालं."

मी म्हटलं, "बाबू, मी ऐकून घेतल्याबिगर अंगठा लावत नाई. तुमचे सायेब सही करतात ते वाचून करतात का?"

रांग हसली. शिपाई हसला. आतल्या खोलीतून कोणीतरी हसलं. मेंदीवाला हसला नाही, पण पोच लगेच दिली. अश्विननं सगळं मोबाईलवर घेतलं होतं, मला ठाऊकही नाही.

पोचेवर सुनावणीची तारीख लिहून दिली आहे. बारा मार्च. सुनावणीत नकाशा टेबलावर पसरतात म्हणे. मी अश्विनला सांगून ठेवलं, तिथं मी बोलणार. तू नाही, लीलाबाई नाही. रस्ता वाकला ती जागा माझ्या बोटाला ठाऊक आहे. त्या टेबलावर मला बोट ठेवायचं आहे आणि साहेबाच्या तोंडाकडं पाहायचं आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

अश्विननं तो मेंदीवाल्याचा व्हिडिओ टाकला. कुठं टाकला ते विचारू नका, सगळीकडं. अंजनगावहून लेकीचा फोन, जमुनाचा. "माय! तू आमच्या बाजारात फिरून राह्यली! पानाच्या ठेल्यावर तू, दवाखान्यात तू!"

म्हटलं, "मी तर घरी तुरी निवडून राह्यलो."

चाळीस हजार लोकांनी पाहिलं म्हणे. आमच्या गावातच तेवढे नसतील.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

‘उलटी खुर्ची’वाल्यांचा फोन आला!! एक पोरगी बोलत होती, गोड. आजी, तुम्हाला दाखवायचं आहे, शुक्रवारी, चालेल ना?

मी म्हटलं, रस्त्याचं दाखवा, जिनिंगचं दाखवा, म्हणजे झालं. ती म्हणे, हो हो आजी, सगळं घेणार.

नीलमनं फोन ठेवायच्या आत गल्लीला सांगितलं. पिंटू ओरडला, "आता काय हिंमत पालिकेची! आजी टीवीवर येऊन राह्यली!"

लीलाबाई विचारते, आता त्या चष्मेवाल्याला शिव्या घालायच्या की नाही? शनिवारी सांगीन.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज एवढंच लिही — निळं लुगडं नेसणार. बाकी उद्या. कांदे चिरायचे आहेत.

१ मार्च, शनिवार

टीव्ही खिडकीत ठेवला, तोंड अंगणाकडं. तीस-पस्तीस माणसं. लेकरं पुढं, बाया ओट्यावर, माणसं उभी. नीलमनं आणि लीलाबाईनं भज्यांचे घाणे काढले. ताटल्या पुरल्या नाहीत, मग पेपरवरच वाढलं. अश्विन उकळता चहा घेऊन फिरत होता, जसं काही लग्न आहे.

आधी दोन मंत्री झाले. मग मी!

तोंड केवढं मोठं दिसतं! तो मेंदीवाला दिसला, त्याचं बोलणं झालं, माझं बोलणं झालं, मग मागून हसणं सुटलं. चष्मेवाल्यानं काय करावं? शाईचं पॅड घेतलं आणि मंत्र्याच्या फोटोवर अंगठा उमटवला. म्हणे, "वऱ्हाडातली ही अंगठेबहाद्दर आजी, हिलाच आता मंत्रालयात बसवा!" अंगणात टाळ्या. शिट्ट्या. सत्यभामाबाईच्या जावयानं माझाही आवाज काढून दाखवला. मग एका बैलाची गोष्ट सुरू झाली.

लीलाबाई म्हणते अर्धा मिनिट. अश्विन म्हणतो बावीस सेकंद.

रस्त्याचं अक्षर नाही. जिनिंगचं नाव नाही. बावीस सेकंदांत मी कुठली, पालिकेत कशाला गेले, कोणाचं काय जातं, कोणालाच कळलं नसेल. कळलं एवढंच की एक म्हातारी आहे आणि ती खट्याळ आहे.

हे सगळं मला तेव्हाच समजलं होतं. पण वहीशी खोटं कशाला बोलू? मीही हसले. पुन्हा लाव म्हटलं, अश्विननं मोबाईलवर पुन्हा लावलं, पुन्हा हसले. लुगडं चांगलं दिसलं.

माणसं गेल्यावर अश्विन म्हणे, "आजी, आजचा सवाल?"

म्हटलं, "आज सुट्टी."

२ मार्च, रविवार

माणसं येऊनच राहिली आहेत. बाळापूरहून मनोजचे साडू आले, जोडीनं. आयटीआयची पोरं आली, एकेकानं माझा अंगठा वर करून फोटो काढला. मनोज सगळ्यांना सांगतो, "माही आई हाय." काल-परवापर्यंत नाव गोवू नको म्हणत होता.

लीलाबाईचा घसा बसला, तोच किस्सा सांगून सांगून. तीन दिवसांचे पेपर टीव्हीच्या बाजूला पडून आहेत. अश्विनलाही उघडायला सवड नाही, तो फोन घेतो आहे. उद्या सगळे मिळून वाचू.

३ मार्च, सोमवार

दुपारचे तीन. लीलाबाई पेपर घेऊन बसली. शुक्रवारचं शेवटचं पान नव्हतं. नीलम म्हणे, "त्याच्यावर तर भजे काढले होते." उरलेल्या भज्यांच्या डब्यात, बुडाशी सापडलं. तेलानं आरपार दिसत होतं. अक्षरं होती जागेवर.

विकास योजनेवरील हरकतींची सुनावणी बारा मार्चऐवजी तीन मार्चला, सकाळी अकरा वाजता. वेगळी सूचना दिली जाणार नाही. जे गैरहजर राहतील त्यांचं काही म्हणणं नाही, असं समजण्यात येईल.

लीलाबाई पुन्हा वाचायला लागली. राहू दे म्हटलं, ऐकलं.

उठले आणि हंडा घेतला. नीलम धावत आली. "आई, ठेवा तो, मी भरतो ना माठ."

"सोड," म्हटलं. "नियम हाय."